बुडातून तोडलेली तिवरं

खर्डा, ता. जामखेड
८ जून २०२५

साळूमावशीला विजयमालाचा नमस्कार.

आमी इकडं बरे हाव. तुमीबी बऱ्या असाल असं लिहिणार हुते, पण लाज वाटली. माझी राजनंदिनी आता रांगती. किल्ल्याकडच्या रानाची नांगरट ऱ्हायलीया, दीर करतील. खाडीवर तुमी रोज हंडाभर गोडं पाणी द्यायचा, ते इसरले न्हाई.

ऊसतोड संपली तसं मुकादमानं आमची टोळी तुमच्या खाडीवर आणली. झाडोरा साफ करायचा म्हणाला. आमाला उसाचीच सवय. ऊस जमिनीलगत छाटला की खोडवा जोमानं फुटतो. तशीच मी खाऱ्या पाण्यातली तुमची तिवरं बुडातून तोडली. चिखलातून वर आलेले टोकदार कोंबबी सपाट केले, पायाला टोचतात म्हणून. तुमी कळवळलात, तर मीच हसून म्हणाले, "मावशी, कशाला जीव काढताय? पुढच्या साली फुटंल की."

दुसऱ्या दिवशी कोयत्याखाली पाणमांजराची दोन पिल्लं आली. एक मधोमध तुटलं. दुसरं अर्ध्या अंगानं माझ्या पायावर चढत हुतं. त्यालाबी मारलं. साडीवरच्या शर्टाला कोयता पुसला आन् पुढचं झाड धरलं.

तवाच तुमचे मालक आले. म्हणाले, "बाय, ते कोंब न्हाईत, झाडाची नाकं हायत. सगळं गुदमरून मरंल." मागून मुकादम आईबहिणीवरनं शिव्या घालत हुता. मालकांनी तिवराला मिठी मारली. मला राग लई, मावशी, ल्हानपणापासनं. मी त्यांना हात काढा म्हणाले. तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले न्हाई.

व्हय, मीच. माझ्या नवऱ्यानं, बजरंगनं न्हाई. मनगट लोंबलं, रगत माझ्या तोंडावर उडालं. तुमी आरडा ऐकून धावत आला, तवर माझ्या नवऱ्यानं कोयता हिसकून घेतला हुता. तुमी जे पाहिलं तेच पोलिसांला सांगितलं, तुमची चूक न्हाई. मालक दवाखान्यापतोर पोचले न्हाईत. बजरंग मला एवढंच म्हणाला, "पोरगी अंगावर पितीया. तू त्वांड उघडायचं न्हाई." तीन महिने तो तुरुंगात हाय आन् मी त्वांड उघडलं न्हाई. मुकादमानं पाहिलं, पण तोबी गप हाय.

परवा टोळीतला भागवत तिकडून आला. म्हणाला, एकाबी बुंध्याला फूट न्हाई. नुसता वाळका चिखल, चिंबोऱ्याबी गेल्या. मी तुमाला हसून सांगितलं हुतं, फुटंल म्हणून.

येत्या गुरुवारी बजरंगची तारीख हाय. मी येणार आन् साहेबापुढं सगळं बोलणार. तुमी माझ्या तोंडावर थुकलात तरी चालंल, पण त्याला सोडवा. कालपासनं पोरीला वरच्या दुधावर घातलीया. लई रडती. माझी छाती ठणकती, पण घेत न्हाई तिला.

तुमच्या हंड्यातलं पाणी प्यालेली आन् तुमचं कुंकू पुसलेली,
विजयमाला