एकतीस नंबरचा स्क्रू

टॅनर्स फेरी, ओहायो
रविवार, ८ एप्रिल १९९०

प्रिय डोरीन,

आधी हातातलं काम खाली ठेव आणि खुर्चीत बस. सात वर्षांत नाताळची कार्डं सोडली तर मी तुला एक ओळही लिहिलेली नाही, त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर बघून आईला काहीतरी झालं असं तुला वाटलं असेल. आई ठणठणीत आहे. ती स्वयंपाकघरात आहे आणि दर पाच मिनिटांनी "कुठपर्यंत आलास?" म्हणून ओरडते आहे. बातमी अशी, की एकतीस नंबरचं रिव्हॉल्व्हर माझ्या बंदूकदुरुस्तीच्या टेबलावर पडलं आहे. पोलीस डेनिस प्रुइटचं. पेट्रोल पंपावरच्या त्या चोरासमोर जे उडलं नाही, ज्याच्यापायी डेनिस लंगडा झाला आणि तुझी पोलिसांच्या शस्त्रागारातली नोकरी गेली, तेच. डोरीन, तू ते नीट तपासलं होतंस. तुझी काडीचीही चूक नव्हती, आणि आता माझ्याकडे त्याचा पुरावा आहे. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगून टाकतोय, कारण आई म्हणाली, "तू बंदुकांचं पुराण लावशील आणि पोरगी मधेच पत्र टाकून देईल."

आता पुराण ऐक. आपल्या गावच्या पोलिसांनी या हिवाळ्यात नवी पिस्तुलं घेतली, आणि जुनी रिव्हॉल्व्हरं त्या व्यवहारात बदल्यात देऊन टाकली. ती फिरत फिरत कोलंबसच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे पोचली. त्याचं पत्र आलं की सहा गावांचा माल आलाय, बुधवारी येऊन निवडा. मी पहाटेच ट्रक काढला. चौसष्टाव्या वर्षी एवढा उतावीळ झालेला माणूस तू पाहिला नसशील! थर्मासमधली कॉफी तशीच राहिली. गोदामात लांबच लांब टेबलं, त्यांवर लाकडी खोक्यांत रिव्हॉल्व्हरं. गंध तोच, जुनं तेल आणि घामट कातडं. मला अगदी लग्नघरात आल्यासारखं वाटलं.

माझ्या शेजारी डेटनचा एक तरुण दुकानदार होता, पायात चकचकीत बूट. त्याने निवडलेला मालही तसाच चकचकीत. माझा ढीग बघून म्हणाला, "आजोबा, हे भंगार कशाला उचलताय? नळीची टोकं बघा, पांढरी पडलीत." मी म्हटलं, "पोरा, ती कातडी खोळीने घासून पांढरी पडलीत. वीस वर्षं कमरेला लटकलं आणि वर्षातून दोनदा चाचणीपुरतं उडलं, असं ते रिव्हॉल्व्हर आहे. मुठीवरचे ओरखडे गाडीच्या दाराचे आहेत. आतून ते नवरीसारखं आहे. आणि तू घेतलंयस ते शिकाऊ पोलिसांच्या सरावाचं. पार झिजलं म्हणून त्याला नवा मुलामा दिलाय. कंपनीच्या नावाची अक्षरं बघ, पुसट झालीत. कडा बघ, साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात." तो हसला. मग मी त्याच्या हातातलं एक घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली, चाप दाबून धरला आणि गोळ्यांचं चक्र बोटाने हलवलं. ते हिरडीतल्या सैल दातासारखं हललं. पोरगा तरीही तीच घेऊन गेला. त्याच्या गिऱ्हाइकांना चकाकीच लागते म्हणे.

आणि मग चौथ्या खोक्यात मला आपल्या गावाचा शिक्का दिसला. मुठीच्या पाठीवर गावाच्या नावाची ती दोन अक्षरं आणि नंबर. चौतीस नग होते. मी भाव न करता सगळीच घेतली, हे आईला अजून पुरतं माहीत नाही.

गुरुवारी सकाळी मी ती टेबलावर मांडली आणि एकेक तपासायला घेतलं, तुला शिकवलं होतं त्याच क्रमाने. नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून उजेडात आत बघायचं. घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा आणि चक्र वेळेवर अडकतं का ते कानाने ऐकायचं. चक्र आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरून बघायची. डोरीन, मला काहीच सापडेना! एकही सैल नाही, कुठे गंज नाही, एकाही स्क्रूचं डोकं चेचलेलं नाही. अकरा वर्षं तू ज्यांची देखभाल केलीस ती रिव्हॉल्व्हरं तू गेल्यानंतरही सात वर्षं तशीच चालत राहिली. आणि प्रत्येकाच्या मुठीपुढच्या छोट्या स्क्रूवर तुझ्या नेलपॉलिशचा ठिपका, कोणी स्क्रू फिरवला की तुटावा म्हणून लावलेला. एका वर्षीचा लाल, दुसऱ्या वर्षीचा तो भयानक जांभळा. तुझ्या जागी आलेल्या माणसाने ते खरवडायचीही तसदी घेतली नव्हती. मी मोठ्याने हसत होतो. चौकशीच्या वेळी तू म्हणाली होतीस, "माझ्या तपासणीनंतर कोणीतरी हा स्क्रू फिरवलाय, माझा ठिपका तुटलाय," तेव्हा सगळी खोली हसली होती. हसणाऱ्यांत मीही होतो. आणि घरी जेवताना मी तुला म्हटलं, "नेलपॉलिशच्या भरवशावर हत्यारं तपासतात का?" ते माझ्या डोक्यातून कधीच गेलेलं नाही.

मग हातात एकतीस नंबर आला, चौकशीची चिठ्ठी अजून लटकत असलेला, म्हणजे तेव्हापासून कोणी न वापरलेला. घोडा सोडायला मी चाप ओढला आणि जागच्या जागी थांबलो. लोण्यात सुरी जावी तसा तो चाप गेला. बाकीची तेहेतीस सगळी एकसारखी कडक, तुझ्या हातची, आणि हे एकच मऊ. मी मूठ उतरवली. तो छोटा स्क्रू घट्ट बसलेला होता, अगदी शेवटपर्यंत पिळलेला. म्हणूनच चौकशीला आलेल्या त्या बाहेरगावच्या तज्ज्ञाने "स्क्रू ठीक, स्प्रिंग थकलेली, तपासणीत हयगय" असं लिहून टाकलं. त्याच्यापुढे एकच रिव्हॉल्व्हर होतं. माझ्यापुढे चौतीस आहेत! मी आणखी आठांचे स्क्रू काढले आणि फडक्यावर ओळीने उभे केले. एकतीसचा आखूड निघाला. नखाच्या जाडीइतका, पण आखूड. तो पुरेसा दाबत नाही, म्हणून स्प्रिंग ढिली राहते, म्हणून चाप मऊ लागतो आणि घोडा हलका पडतो. दहातल्या नऊ गोळ्या उडतात. दहावीचं बूड जरा कडक असलं की नुसती टक. तुझ्या तपासणीनंतर कोणीतरी तो स्क्रू काढून कानशीने घासला होता. मी अशी आरोळी ठोकली की आई पिठाच्या हातांनी धावत आली. आम्ही दोघं दुकानात नाचलो, खरंच सांगतो. तिच्या पिठाच्या हातांचे ठसे अजून माझ्या शर्टावर आहेत.

नाचून झाल्यावर आई म्हणाली, "पण घासला कोणी?" मी म्हटलं, डेनिसनेच, गॅरेजमध्ये बसून, आणखी कोण! पोलिसांत ही खोड जुनीच आहे. वार्षिक चाचणीत नेम चांगला लागावा म्हणून चाप हलका करून घेतात आणि रस्त्यावर तेच हत्यार दगा देतं. त्याच्या अंगावर ओरडायच्या तयारीनेच मी भिंग घेतलं. स्क्रूच्या खाचेत तुझा लाल रंग दोन्ही कडांना शाबूत होता, मधेच सरळ चिरलेला. खाचेला एकही ओरखडा नाही. आता तूच सांग, दुकानात मिळणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने खाच अशी राहते का? ती कडेला चेचतेच. त्या खाचेत अचूक बसेल असं पातं मी स्वतः घासून बनवलेलं आहे, आणि तसे स्क्रूड्रायव्हर जगात दोनच आहेत. एक माझा. दुसरा तू अठरा वर्षांची झालीस तेव्हा मी तुला दिला होता.

मग मी स्क्रूचं टोक बघितलं. कानशीचे चरे दगडावर घासून गुळगुळीत केलेले, आणि गंजू नये म्हणून टोकाला पुन्हा काळसर मुलामा. गॅरेजमधला पोलीस एवढं कधी करत नाही. जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही असा हात फिरवणारा माणूस या गावात एकच आहे. डोरीन, इतकं सुबक वाईट काम मी जन्मात दुसरं पाहिलेलं नाही.

आणि तरीही मला काही आठवेना! तेव्हा मी पोलिसांची अशी किरकोळ कामं येता-जाता करून द्यायचो, गप्पा मारता मारता. आठवलं ते आईला. ती आत गेली आणि निळ्या काचेचं झाकणाचं भांडं घेऊन आली. म्हणाली, "हे कोणाचं आहे, आठवतं? त्या उन्हाळ्यात डेनिसच्या बायकोने यातून मक्याचं पुडिंग पाठवलं होतं. तू त्याचं काहीतरी काम करून दिलं होतंस म्हणून. मी परत द्यायचं म्हणत होते, तेवढ्यात ते सगळं झालं, आणि मग कोणत्या तोंडाने देणार?" मग मला करवतीने कापलेलं, पट्टीत बांधलेलं डेनिसचं बोट आठवलं. "ऑरविल, चाप ओढताना बोट फार दुखतं रे, जरा हलका करून दे." दहा मिनिटांचं काम. मी तुझा लाल ठिपका बघितला असणार, आणि कसला तरी जुना रंग म्हणून दुर्लक्ष केलं असणार.

शुक्रवारी ते भांडं घेऊन मी डेनिसकडे गेलो. तो अंगणात टोमॅटोसाठी वाफे करत होता. मी म्हटलं, "तू बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बाहेर काम करून घेतल्याचं कबूल केलं असतं तर माझं पेन्शन गेलं असतं, हे खरं. पण ऑरविल, चौकशीत मी रोज वाट बघत होतो की आज तू उठशील, उद्या उठशील. तू तिथेच तिसऱ्या बाकावर बसला होतास. पोटच्या पोरीवर आळ येतोय आणि तरी तू गप्प आहेस म्हणजे तुला गप्पच राहायचंय, असं मी धरून चाललो." मी म्हटलं, मला आठवतच नव्हतं. त्याने खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं. आता मीही येतो. पाय बसूनही दुखतोच, तर उभा राहूनच बोलेन." मंगळवारी चोवीस तारखेला गावच्या सभेत आम्हा दोघांना पहिली वेळ दिली आहे. मी स्क्रू घेऊन जाणार आहे, आणि बरोबर आठ शाबूत स्क्रू, म्हणजे तज्ज्ञ नसलेल्यालाही दिसेल. वर्तमानपत्राच्या बाईंनाही मी फोन केलाय. तुझ्यावरचा ठपका जिथे वाचून दाखवला तिथेच तो पुसला जाईल. तीन दिवस मला झोप नाही, आणि तरी विशीत असल्यासारखं वाटतंय. चोर सापडला! तो मीच निघालो, पण सापडला तर खरा.

एवढं लिहून पत्र संपवणार होतो, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून राहिलंच आहे. चौकशीच्या शेवटच्या दिवशी टेबलावर सगळे सुटे भाग मांडले होते. तू तो स्क्रू उचललास, खिडकीकडे धरलास, खाच बघितलीस, टोक बघितलंस. मग वळून तिसऱ्या बाकाकडे बघितलंस. स्क्रू परत ठेवलास आणि म्हणालीस, "मला आणखी काही सांगायचं नाही." मला वाटलं, गुन्हा कबूल केला. त्या संध्याकाळी तू मला एकदाच विचारलंस, "डॅडी, डेनिस कधी तुझ्याकडे आला होता का रे?" आणि मी ओरडलो, "स्वतःची चूक दुसऱ्याच्या खिशात टाकू नकोस." तू परत विचारलं नाहीस. महिन्याभरात तू ओरेगॉनला निघून गेलीस आणि जाताना तुझा स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवून गेलीस, माझ्याच्या शेजारी, पातं पात्याला लावून. रागाने ठेवला असं मी सात वर्षं समजत होतो. डोरीन, तुला तेव्हाच कळलं होतं, ना? मला माहीत होतं आणि मी लपवलं, असंच तुलाही वाटलं असेल. आणि तसं वाटत असूनही तू माझं नाव घेतलं नाहीस. मला माफ कर, पोरी. तुझा स्क्रूड्रायव्हर या पत्रासोबत पाठवतो आहे. त्याला मी तेल लावलंय, पात्याला हात लावलेला नाही. चोवीस तारखेला ये. आली नाहीस तरी मी तिथे उभा राहून सगळं सांगणार आहेच, पण तू आलीस तर तिसऱ्या बाकावर आईशेजारी तुझी जागा धरून ठेवतो.

तुझाच,
डॅडी