बद्द वाजलेली पाकळी

प्रिय बाबा,

आईला फोनवर मी बरी आहे इतकंच सांगते. हे फोनवर जमणार नाही, म्हणून कागद. माझा इथला मित्र सुजय शनिवारी पेणला पोचेल, तो हातात देईल.

तुम्ही जोह्याच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात माझ्या वाचनालयाचा फोटो लावलाय. कॅनडात आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची ड्रॉइंग काढली. माझ्या सहीची ती पहिली सार्वजनिक इमारत. छताच्या पाकळ्या आपल्या पद्धतीच्या, साच्यात प्लास्टर, आत काथ्या. उद्घाटनाच्या भाषणात मी तुमचं नाव घेतलं होतं.

पाकळ्या बसवायला रोह्याचा लतीफ होता. आपल्याकडून मस्कतला गेलेला, तिथून इकडे आलेला; ठेकेदाराला मीच सुचवला. थंडीत प्लास्टर सुकेना आणि तारीख ठरलेली, म्हणून हीटर लावले. तपासणीच्या दिवशी लतीफने एका पाकळीवर बोटाचं पेर वाजवलं आणि तुमची आठवण काढून हसत म्हणाला, ताई, ही बद्द वाजते, हैबतकाकांनी कानफटात दिली असती. मीही वाजवून पाहिली. बद्दच होती. ओलावा मोजायच्या मीटरचा आकडा मात्र मर्यादेत होता. मीटर वरचा थर मोजतो. उन्हात सुकवलेल्या मूर्तीबद्दल तुम्ही म्हणायचात, सालीवर जाऊ नको, पोटात वल हाय. हे मला माहीत होतं. मी म्हटलं, लतीफभाई, इथे कानावर सही होत नाही. चढवा.

चौदा आठवड्यांनी ती पाकळी छताच्या हुकातून सुटून पडली. खाली पेपर वाचत बसलेले एक निवृत्त बसचालक जागीच गेले. आईला मी तेव्हा कामाचा ताण आहे म्हणाले होते.

चौकशीत माझे कागद स्वच्छ निघाले. दोष बसवणाऱ्यावर आला. लतीफचं काम गेलंय, आता खटला होईल. तो त्या दिवसाबद्दल बोलत नाही. दहा वर्षं ज्यांच्याकडे साचे ओढले त्यांच्या मुलीविरुद्ध कसं बोलू, म्हणतो.

मंगळवारी मी चौकशी समितीपुढे त्या दिवशीचं सगळं सांगणार आहे. त्यानंतर माझी सही कुठल्याही इमारतीवर चालणार नाही. पुढचं वकिलालाही ठाऊक नाही. रोह्यात त्याच्या आईला, अजीजाचाचींना, बाजारात लोक विचारतात म्हणे, पोराने माणूस मारला का. मंगळवारच्या आधी तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. सांगा, तुमच्या मुलाने ऐकलं होतं, माझ्या मुलीनेही ऐकलं होतं. निघण्यापूर्वी तो फोटो उतरवा.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
नूतन