बारशाआधी गेलेल्या लेकीला

प्रिय लेकी,

ओळखलंस का? न्हाई ना! सहा दिवस दूध पाजलं आणि आईलाच विसरलीस, बेइमान कुठली! बरं, थट्टा पुरे. विसरल्यासारखं केलं ते मीच.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, तुझी भाची रुता लिहिते. ती बारावीला. क्लासपायी लातुरात खोली घेतलीय आणि तिच्या भाकरी थापायला मला धर्माबादहून आणलंय. ती मोठ्यानं वाचते, मी ऐकते. या वयात माझीही बारावी चाललीय म्हण!

परवा ती अतिजड मूलद्रव्यांचं वाचत होती. ही म्हणे निसर्गात सापडत नाहीत, माणसं घडवतात. एकाचे अणू दुसऱ्यावर महिनोन्महिने आदळायचे. किती वाया जातात त्याला गणती न्हाई, एखादाच चिकटतो. आणि टिकतो किती? कधी पापणी लवेपर्यंतही नाही! दिसत तर नाहीच; फुटताना मागं जे सोडतो त्यावरून ओळखायचा. आधी नंबरावरून हाक. मग दुसऱ्यांनी पारखून खरं मानलं, की घडवणाऱ्यांनी नाव सुचवायचं. कुणी गावाचं देतं, कुणी थोर माणसाचं.

मी हसले. "अगं, एवढ्याशा जगण्याला नाव कशाला? हाक मारायची कुणी?"

रुता मान वर न करता म्हणाली, "झालं होतं ना गं आजी, म्हणून."

तव्यावरची भाकरी करपली, बाई.

तू तर सहा दिवस होतीस! मुठी आवळून झोपायचीस. बारसं बाराव्या दिवशी, त्याआधी नाव घेतलं तर दृष्ट लागते, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणून घेतलं नाही. तू गेलीस तेव्हा त्याच म्हणाल्या, "बिननावाचं लेकरू, त्याला काय रडायचं! ऊठ, चुलीकडं बघ." आणि मी उठले गं!

त्यांना कशाला दोष देऊ? त्यांना जाऊन जमाना झाला. तोंड तर माझंच होतं. "पहिलं लेकरू कोणतं?" कुणी विचारलं, की मी तुझ्या भावाचं नाव सांगायची. राजूची आई म्हणूनच गल्ली मला ओळखते. त्या राजूला आजवर माहीत न्हाई, की त्याला थोरली बहीण होती. साऱ्या गल्लीला जिभेवर नाचवणारी मी, तुझ्यापाशी मुकी! लई लाज वाटते. रागावली असशील तर रागाव, हक्क आहे तुझा.

पण नाव मनात होतं बरं का. तू नांदेडच्या दवाखान्यात झालीस. तुला पदरात घेऊन पुलावरून येताना खाली भरलेली नदी पाहिली आणि मनाशी म्हटलं, गोदावरी. घरात गोदा.

आत्ता पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. रुताचा पेन थांबला.

ऐक, रविवारी रुताचा बाबा, आपला राजू येतोय. त्याच्यासमोर पाळणा बांधीन, तुझं नाव घेईन, शेजारच्या खोल्यांतल्या पोरींनाही ऐकू जाईल एवढ्यानं. यापुढं पहिलं लेकरू विचारलं, की तूच.

तुझी,
गोदाची आई
(अंगठा)

ता. क. रुता, आता बाबाला फोन लाव. येताना बारशाच्या घुगऱ्यांना गहू-हरभरे आण म्हणावं, सोबत गूळही. बारसं कुणाचं, असं विचारलं तर फोन माझ्याकडं दे.