शालिकरामचे चार भाडेकरू

२ एप्रिल १९७९, सोमवार

…आधी सडा टाकला, मग कणीक भिजवून फडक्याखाली ठेवली, मग सुहासिनीची वेणी घातली. तेवढ्यात ह्यांनी सायकलमध्ये हवा भरता भरता विचारलं, धोंडबाचं कुत्रं अजून आहे का. मी म्हटलं, मले काय माहीत, मी काय त्याच्याशी पत्रव्यवहार करून राहिले? हे हसले आणि डायरीत काहीतरी लिहून निघून गेले. काही खास सकाळ नव्हती. आज ह्यांची जुनी डायरी उघडली, धोंडबापुढे 'कुत्रे आहे' असं दिसलं, म्हणून आठवली. संपलं.

कामाचं लिहिते. ६ मेला सुहासिनीचं लग्न. हे सोसायटीचं सूत सायकलवरून विणकरांच्या घरी पोचवायचे, तयार लुगडी गोळा करून आणायचे. बावीस वर्षं. ती सगळी माणसं ह्या एका डायरीत आहेत. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पोरीच्या लग्नात बापाची माणसं आली नाहीत तर मांडवात नुसती नवऱ्या मुलाकडची मिरवतील. ते चालायचं नाही.

धाकटे दीर गुलाबचंद भाऊजी कचेरीत फायली सांभाळतात आणि घरीही तसंच बोलतात. त्यांनी तांबड्या पुठ्ठ्याची नवी डायरी दिली. कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या. म्हणाले, वहिनी, दादाच्या डायरीत शिस्त नाही, सगळं सायकलच्या वाटेनं लिहिलं आहे. अक्षरांप्रमाणे उतरवून घ्या आणि जुनी रद्दीत द्या.

बरोबर आहे. एकशे बारा नावं. दोन दुपारी पुरे.

३ एप्रिल

झालेली नावं: चार.

कारण: ह्यांना नावापुढे काहीबाही लिहायची खोड. रामाजी, 'चहा नाकारू नये, रडतो'. जागेश्वर, 'ऐकू येते, सोंग करतो'. यमुताई, 'दुपारी जाऊ नये, नवरा घरी असतो'.

म्हणजे काय? नवरा नसताना जायचं होतं का? दोन वर्षं उशिरा भांडण सुचलं. करू कोणाशी?

उद्यापासून नेटानं.

७ एप्रिल

झालेली नावं: अकरा. कुरडया होत्या. शेजारची जनाबाई हाताखाली आली होती. डायरी पाहून म्हणाली, काहून वं अनुसया, अकरा नावाले पाच दिवस? लिहून राहिली का पूजा करून राहिली? मी म्हटलं, डोळ्याले पाणी येते, चिकाची वाफ लागते. ती म्हणाली, चीक तर मी घोटून राहिली.

जनाबाईला फार बोलायची सवय आहे.

१० एप्रिल

मेलेली माणसं नऊ निघाली. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, कचेरीत मयत इसमांची फाईल वेगळी ठेवतात. मी म्हटलं, मग जित्या माणसांच्या फाईलीत त्यांले बसाले जागा नसते का? त्यांना आवडलं नाही. नऊही गाळली.

पहिल्या पानावर ह्यांचं स्वतःचं नाव आणि आमचा पत्ता आहे, खाली आणखी दोन ओळी आहेत. ते पान उतरवायचं कारण नाही. आपण कुठं राहतो ते आपल्याला माहीत आहे. न वाचता उलटलं.

नवा नियम: आता काहीच वाचायचं नाही. समोर दिसेल ते नाव, समोर दिसेल तो पत्ता, की पुढचं. भाऊजी म्हणतात, चांगला कारकून वाचत नाही, उतरवतो.

१५ एप्रिल, दुपारी ४

संपलं! न वाचता फार भराभर होतं. वाचायला मी पुड्यांच्या कागदांवरून एकटीनं शिकले. न वाचायला शिकायला चाळीस वर्षं लागली.

जुनी डायरी रद्दीत काढली. रद्दीवाला येईपर्यंत गव्हाच्या कोठीत ठेवली आहे, कसर लागू नये म्हणून.

१९ एप्रिल

पत्रिका आल्या. तांबड्या डायरीवरून पत्ते घातले. पुष्कळांपुढे 'वरीलप्रमाणे' आहे. वरच्या नावाचा पत्ता पाहायचा आणि लिहायचा. किती सोपं! सुहासिनीनं विचारलं, आई, श्यामराव काका भिवापूरले कधी राहाले गेले? मी म्हटलं, माणसं इकडं तिकडं जातच राहतात, तू मेंदीचं पाहा.

सगळ्या पेटीत टाकल्या.

रद्दीवाला येऊन गेला म्हणे. मी धुणं धूत होते, ऐकू आलं नाही. जनाबाईला चार घरं पलीकडून ऐकू आलं.

२७ एप्रिल

तेरा पत्रिका परत. 'या पत्त्यावर राहत नाही.' पोस्टमन नवा असेल.

२८ एप्रिल

पोस्टमन जुनाच आहे.

सकाळी भिवापूरच्या पहिल्या गाडीनं शालिकराम आला. ह्यांचा दोस्त. मिरचीचं पोतं उतरवलं, पाणी प्यायला आणि खिशातून पाच पत्रिका काढून ओळीनं मांडल्या. म्हणाला, वहिनी, ही माही. पण माह्या घरी मी, बायको अन् एक म्हैस. हे श्यामराव, शिवराम, शेवंताबाई अन् शामाबाई, चार भाडेकरू तुम्ही कधी ठेवले? बायको दोन दिवसापासून विचारून राहिली, ह्या दोघी कोण म्हणून.

मग उलगडा झाला. ह्यांच्या डायरीत एका गल्लीतली माणसं एकाखाली एक होती. पहिल्यापुढे पूर्ण पत्ता, बाकीच्यांपुढे 'वरीलप्रमाणे'. मी माणसं उचलून आपापल्या अक्षरात नेऊन बसवली, आणि 'वरीलप्रमाणे' त्यांच्यासोबत गेलं. ज्याच्या खाली जो बसला, त्याच्या घरी तो राहायला गेला. विणकरांची तांडापेठेतली अर्धी गल्ली मी भिवापूर, उमरेड आणि पारशिवनीला धाडली. तेही ऐन उन्हाळ्यात.

शालिकराम म्हणाला, जुनी डायरी काढा, अजून आठ दिवस आहेत. मी म्हटलं, ती रद्दीत गेली.

सुहासिनी उठली, गव्हात कोपरापर्यंत हात घातला आणि डायरी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तेरा दिवस ती त्याच कोठीतून दळणाचे गहू काढत होती.

३० एप्रिल, सोमवार

आता टपाल नाही. अक्षता घेतल्या, सायकल रिक्षा सांगितली, मी आणि सुहासिनी निघालो. पान पहिलं, घर पहिलं. ह्यांच्या वाटेनं.

धोंडबाकडे कुत्रं आहे. दात नाहीत, हौस आहे. धोंडबानं मागावरून मान वर न करता म्हटलं, बाई, उशीर केला, साहेब सोमवारी नवाच्या आत येत होते. मी माफी मागितली. कशाची, ते कळलं नाही.

रामाजीचा चहा नाकारला नाही. तरी रडला.

जागेश्वरला तीनदा मोठ्यानं सांगितलं. चौथ्यांदा सुहासिनी जेवणात काय काय आहे ते हळूच म्हणाली. लगेच ऐकू आलं.

यमुताईकडे पोचायला दुपार झाली. नवरा घरी होता. त्यानं दीड तास आपल्या मुतखड्याची हकीकत सांगितली, मग खडा बाटलीत ठेवला होता तो दाखवला.

भांडण मागे घेतलं.

३ मे

वाट पूर्ण झाली. गाळलेल्या नऊ घरांनाही गेले. माणसं मेली तरी घरं होती, आणि घरात माणसं होती. हे मला आधी सुचलं नाही, ह्याचं कारण ऊन.

६ मे

लागलं एकदाचं. अख्खी गल्ली आली. धोंडबा कुत्रं घेऊन आला. शालिकराम आपल्या चार भाडेकरूंना एका पंगतीत घेऊन बसला आणि शामाबाईला वाढताना बायकोकडे पाहत होता.

गुलाबचंद भाऊजी म्हणाले, पाहा वहिनी, तांबड्या डायरीनं किती काम सोपं झालं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी सहाला सुहासिनी सासरी गेली. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. रामाजीनं सुरुवात केली.

७ मे

सकाळी पहिलं पान वाचलं. वर ह्यांचं नाव, खाली पूर्ण पत्ता. त्याखाली 'अनुसया, वरीलप्रमाणे'. त्याखाली 'सुहासिनी, वरीलप्रमाणे'.

सुहासिनीपुढचं खोडलं आणि सासरचा हिंगण्याचा पत्ता लिहिला, घर नंबरापासून पूर्ण. माझ्यापुढचं तसंच राहू दिलं.

मग कणीक भिजवली. सवयीनं दोघींची भिजवली गेली. अर्धी जनाबाईला दिली.