हसायचं राहिलं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा मेलो! मालिकेतले आप्पासाहेब गेले. ज्या माणसाचं धोतर इतके महिने नेसलो, त्याला लेखकाने झोपेतच उडवला. विचारलंही नाही कुणी. उद्यापासून पुन्हा घरी.

नायगावच्या सेटवर सकाळपासून तिरडीवर पडून. नाकात कापूस, गळ्यात हार. दिग्दर्शकाने ऐन वेळी माझी खरी मिशी भादरायला लावली, चष्मा काढायला लावला – "सर, चेहरा उघडा दिसू दे." एवढ्या वर्षांत हवालदार झालो, वैद्य झालो, दारुडा झालो, दोनदा पुजारी झालो. दरवेळी काही ना काही चिकटवलेलं. माझा स्वतःचा चेहरा आज पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर – आणि तोही मेलेला!

शॉट झकास झाला. 'कट' म्हटल्यावर रीतीप्रमाणे कॅमेरा चालूच ठेवला. आमच्यात मेलेल्या नटाने लगेच डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. त्याने अशुभ टळतं म्हणतात. मी विष पिऊन मेलोय, गोळी लागून मेलोय, पण दात दाखवल्याशिवाय कधी उठलो नाही.

आज हसू येईना. डोळे मिटले तेव्हापासून दामू आठवत होता, माझा थोरला भाऊ. सहायक दर्पण बिचारा विनवतोय, "सर, एकच स्माईल." सगळे ताटकळलेले. ओठ ताणून बघितले, जमलं नाही. हार काढून ठेवला आणि सरळ मेकअपरूम गाठली. तेव्हापासून चैन नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गावाहून, दांडीहून, आईचा फोन. मी मरणार हे तिला माहीत होतं. नेहमीचाच प्रश्न – "हसलास ना?" हो म्हणालो. साफ खोटं!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात बसवेना म्हणून दांडीला जाऊन आलो. आई ओटीवर बोंबील निवडत होती. माझं तोंड हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मिशी कुठे गेली, विचारलं. मग म्हणाली, आता तर अगदी दामूच दिसतोस.

तीच भीती आहे मला. दामू वादळात गेला त्याला वीसेक वर्षं झाली असतील. बोट मिळाली, बरोबरचे तांडेल-खलाशी मिळाले – कुणी जिवंत, कुणी मेलेले. दामू नाही. गावातल्या जाणत्यांनी आईला समजावलं, की देह नसला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, शास्त्राला धरून असतं. पुतळा दारात आणूनही ठेवला. आईने उचलून अंगणाबाहेर फेकला. "गवताचा पुतला म्हंजे माझा दामू नाय. अंग बघल्याबिगर मी त्याला मेला म्हननार नाय." झालं! तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला ओटीवर त्याची चटई अंथरते. सकाळी गुंडाळते.

गाव हसतं. मी नाही हसत. त्या चटईच्या आधारावर ती उभी आहे. आणि पुढच्या शुक्रवारी टीव्हीवर तिला दामूचं तोंड तिरडीवर दिसणार! कुणाच्या धंद्याने कुणाचं वाटोळं! आईने तो भाग बघता कामा नये. बस्स.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर बोईसरात भटकलो. स्टेशनबाहेर रिक्षावाला रामकिसन ओरडला, "अरे पोस्टमास्टर साहब!" ती मालिका बंद होऊन जमाना झाला. भाजीवाली मला अजून हवालदारच समजते. जुडी फुकट देऊ बघते. माझं नाव बळवंत आहे हे गावात किती जणांना ठाऊक असेल?

बायको सुलू म्हणाली, एका जागी बसा हो, जमीन झिजेल. नवीन कामासाठी दोन फोन केले. मिशी वाढली की सांगतो म्हणाले.

२० नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सापडली. आईच्या घरचा टीव्ही बिघडवला तर ती शेजारी जाईल, आख्खी आळी मालिका बघते. त्यापेक्षा शुक्रवारी तिलाच एडवणला माझ्या भाचीकडे न्यायचं. जागृतीच्या घरासमोर समुद्र आहे, संध्याकाळी वाळूत बसवेन, गप्पांत वेळ निघून जाईल. आई चक्क तयार झाली. सुलूला म्हटलं, बघ, डोकं लागतं!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्यासारखा मूर्ख मीच.

एडवणला पोचलो तर जागृतीच्या घरी जत्रा! आजूबाजूच्या बायका, पोरं, खुर्च्या मांडलेल्या. नटमामा स्वतः येतोय आणि त्याच दिवशी त्याचा मोठा भाग – तिने सगळ्यांना आवतण दिलेलं. आईला पहिल्या रांगेत बसवली. मी वाळूत चला म्हटलं, वारा छान आहे म्हटलं, डोकं दुखतंय म्हटलं. कुणी ऐकेना. शेवटी उठून टीव्हीचं बटणच बंद केलं. सगळी खोली माझ्याकडे बघत राहिली.

आई म्हणाली, "लाव तो. मना बघायचा हाय."

लावला. तिरडी आली. कापूस, हार, उघडा चेहरा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मग माझ्याकडे बघून हसल्या. आईची पापणी लवली नाही. पुढे झुकून बघत होती. माझ्याकडे एकदाही वळली नाही. जाहिराती लागल्या तशी उठली आणि दांडीला ने म्हणाली.

वाटेत मी दोनदा म्हटलं, आई, ते खोटं असतं गं. तिने फक्त माझा हात घट्ट धरून ठेवला. मी इथेच राहिलोय, दांडीला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आई जेवत नाही, बोलत नाही. आज तिन्हीसांजेला चटई अंथरली नाही. मी विचारायला घाबरतोय. काय केलं मी हे!

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर आई न्हाऊन ओटीवर बसलेली. समोर दामूची चटई, सुंभाने बांधलेली.

म्हणाली, "तू हसला नवतास. फोनवर हो म्हनलास, मना तवाच समजला."

मी मान खाली घातली.

"बरा केलास. हसला असतास तर तो तूच झाला असतास. मी माझ्या दामूला बघला. आता भटाला बोलव, त्याचा सगला नीट कर."

मग माझी हनुवटी वर केली. "आनि तू आता हास. माझ्यासमोर."

हसलो. पहिल्या टेकमध्ये नाही जमलं.