तुझं नाव यादीत आहे

आई,

आज शुक्रवार, इथली सुट्टी. अल सद्दमधल्या आमच्या घराखालचा रस्ता अजून खणलेलाच आहे. वर्ल्ड कपच्या नावानं अख्खं दोहा खणून ठेवलंय, आणि त्या खणण्यावरच आमचं पोट चालतं, म्हणून कुरकुर करायचीही सोय नाही. तुझी सून चहा ठेवून बाजारात गेली आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही मनाला लागलं की पहिली तूच आठवतेस. यंदा मी मत द्यायला नाशिकला जाऊन आलो. तिथं काय झालं ते अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

मतदानाचा दिवस म्हणजे तुझा सण. सकाळीच न्हाऊन ती मोरपंखी साडी, केसांत गजरा, आणि बाबा दारात चपला घालून ताटकळलेले. "कुणाला देणारेस, मला तरी सांग," ते दर वेळी विचारायचे. तू दर वेळी म्हणायचीस, "घरात सगळं तुमच्या मनासारखं होतं. एवढं माझं मला राहू द्या." परत आलीस की शाई लावलेलं बोट मिरवत शिरा भाजायला घ्यायचीस. मला मताचा हक्क मिळाला त्या वर्षी मी अंथरुणातूनच म्हणालो होतो, "माझ्या एका मतानं काय होणारे?" दुपारी बघतो तर सगळ्यांची ताटं मांडलेली आहेत, माझं नाही. तू शांतपणे वरण वाढते आहेस. "एका ताटानं काय होणारे?" एवढंच म्हणालीस. मी चिडून तसाच शाळेतल्या केंद्रावर गेलो. परत आलो तेव्हा माझ्या वाटणीचा शिरा झाकून ठेवलेला होता.

इथं आम्ही कामापुरते आहोत, आई. काम आहे तोवर राहायचा परवाना, स्टेडियम उभं राहिलं की खलास. तुझी नात इथं जन्मली, इथल्याच शाळेत शिकते, पण ती इथली नाही. त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही, आम्ही जाणूनबुजून आलो. तरी वाटतं, कुठंतरी आपलं नाव कामाशिवाय, आपण आहोत एवढ्याचसाठी लिहिलेलं असावं. माझं तसं एकाच ठिकाणी होतं, आपल्या गल्लीच्या मतदार यादीत. इथं आम्ही चार मराठी घरं शुक्रवारी पोह्यांवर जमतो आणि तावातावानं देश चालवतो. पण मी मत द्यायला जाणार म्हटल्यावर सगळे हसले. "विमानानं? एका मतासाठी? त्यापेक्षा आंबे खायला जा की!" पुण्याचा मित्र म्हणाला. लेकीनं मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "बाबा, बट यू डोन्ट ईव्हन लिव्ह देअर." मला ते फार लागलं.

केंद्र अजून त्याच शाळेत आहे. फाटकाशी मांडवात एक शिक्षिका यादी घेऊन बसल्या होत्या. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत आहे, असं आम्हा बाहेर राहणाऱ्यांना वाटतं. मीही तसाच ताठ मानेनं गेलो. बाईंनी घर नंबर शोधला. "भाऊ आहेत, वहिनी आहेत. तुमचं नाव कमी झालंय हो. तपासणीत 'इथं राहत नाहीत' असं आलंय." मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "आणि ह्या तुमच्या आई का?" यादीत तुझा फोटो होता, कपाळावर ते मोठं कुंकू. "त्या नाही आल्या अजून. घेऊन या संध्याकाळपर्यंत, व्हीलचेअर आहे आपल्याकडे." माझ्या मागे उन्हात माणसं खोळंबली होती.

घरी आल्यावर मी धाकट्यावर भडकलो. तो म्हणाला, "दादा, यादीच्या बाई तपासणीला आल्या, विचारलं कोण कोण राहतं. तू कतारला असतोस हे सांगितलं. खोटं कशाला सांगू?" मग आईचं नाव कसं राहिलं, असं मी विचारलं. तो शाईचं बोट चोळायला लागला. "तिचं नाव काढा, असं नाही म्हणवलं." माझं मात्र म्हणवलं. त्याचं काही चुकलं नाही, आई, तरी त्या दुपारी मला त्याच्या घरी जेवण गेलं नाही.

लेकीला सांगितलं, रांग फार होती. मित्रांना सांगितलं, मत दिलं; शाई कुठंय, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. हे पत्र तर टाकायचं नाहीच. पण धाकट्याला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. मांडवातून निघताना त्या शिक्षिकेनं पेन उघडून विचारलं होतं, "आई इथंच राहतात ना? नाहीतर त्यांचंही कमी करावं लागेल." मी म्हणालो, "हो, ती घरीच असते. बाहेर मी असतो."