मागच्या दाराची कडी

९ फेब्रुवारी

प्रिय बारक्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा कसा आहे? काठी वापरते का, की नुसती दाराशी टेकवून ठेवते?

आमच्याकडे सध्या नुसती धावपळ. दोन महिन्यांत गल्लीत तीन घरं फुटली. मग रहिवाशांनी सुरक्षा समिती काढली आणि मला अध्यक्ष करून टाकलं. तुझे भाऊजी म्हणतात, घरात हुकूम सोडून भागत नव्हतं, आता अख्खी गल्ली मिळाली. अनोळखी माणूस दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, असं ठरलंय. दारं-खिडक्या कशा लावाव्यात हे मी घरोघर जाऊन सांगते. आमच्याच मागच्या दाराची कडी लागत नाही, हे मात्र आईशिवाय कुणाला बोलले नव्हते.

मंगळवारी जे झालं ते कानावर आलं. मी तेव्हा दवाखान्यात होते. दातांच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी इतके पेशंट होते की काउंटरवरून हलता आलं नाही. संध्याकाळी कळलं आणि फार वाईट वाटलं. तू येणार हे आधी कळवलं असतंस तर असं झालं नसतं. लोक घाबरलेले आहेत, त्यांना तरी काय बोलणार. झालं गेलं मनात ठेवू नकोस. आईला जप.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. इतकं छोटं पत्र, पण ते घेऊन बसले की उठवत नाही. तू लिहिलंयस, 'आई बरी आहे. नवी कडी पिशवीसकट वॉचमनच्या केबिनमध्ये राहिली. चौकट भुसभुशीत झाली आहे असं आई म्हणाली होती, म्हणून लांब स्क्रू आणले होते, ते आतल्या कप्प्यात आहेत. कुणाकडूनही बसवून घे. तू गर्दीत मागे उभी होतीस, म्हणून मी घर चुकलं म्हणालो.'

म्हणजे मी तुला दिसले होते.

मी दवाखान्यात नव्हते. त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास मी खिडकीतून पाहिलं, खांद्यावर पिशवी घेतलेला एक माणूस घराघरावरच्या पाट्या वाचत चालला होता. पाठमोरा. मीच फोटो काढला. 'हा कोण? सगळ्यांनी दारं लावून घ्या,' हेही मीच लिहिलं. तेव्हा मी तुला ओळखलं नव्हतं, एवढं खरं मान. ओळखणार कशी? आईला भेटायला मी नेहमी तू वर्कशॉपला गेल्यावरच येते. इतक्या वर्षांत तुझी पाठ बाबांसारखी झाली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी गल्लीच्या फाटकापाशी पोचले तोवर वॉचमनने तुला अडवून पिशवी उपडी केली होती. पटाशी, ड्रिल, पेचकस, कागदात गुंडाळलेली कडी. आमच्या गल्लीतले रिटायर्ड इंजिनिअर म्हणाले, "घ्या, घरफोडीचा सगळा सरंजाम."

"कुणाकडे आलास? नाव सांग," वॉचमन म्हणाला.

तू मान वर केलीस आणि उजवा कान चोळलास. लहानपणी बाबांसमोर उभं राहिल्यावर चोळायचास तसा. तेव्हा ओळखलं.

शब्द तोंडात आले होते रे. तेवढ्यात शेजारीण माझा दंड धरून म्हणाली, "बरं झालं मॅडमनी वेळेवर पाहिलं." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. इथे राहायला आल्यापासून मी सांगत आले आहे की मी एकुलती एक. तारांच्या चोरीत तू तुरुंगात काढलेले आठ महिने इथे कुणाला कळू नयेत म्हणून तुलाच पुसून टाकलं होतं.

"घर चुकलं, साहेब," तू म्हणालास. वॉचमनने तुझ्या कानाखाली मारली. मी शेजारच्या कुंडीकडे पाहत राहिले. पोलीस आले, तुला गाडीत बसवलं, आणि मी घरी येऊन भात लावला.

आधीची नोंद निघाली म्हणून तुला दोन दिवस आत ठेवलं, हे आईने सांगितलं. आठ वर्षं वर्कशॉप तू उघडायचास, आता मालकाने किल्ल्या काढून घेतल्या, हेही तिनेच सांगितलं. एवढं ऐकून मी तुला पहिलं पत्र लिहिलं. आधी कळवायला हवं होतंस, असं लिहिलं.

रविवारी समितीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुझे आठ महिनेही सांगितले; ते सांगायचा हक्क मला नव्हता, पण अर्धवट सांगणं म्हणजे पुन्हा लपवणंच झालं असतं. मग इंजिनिअर म्हणाले, "अहो मॅडम, एक शब्द बोलला असतात तर आम्ही त्याला चहा पाजला असता." वॉचमन जिन्यापाशी थांबला होता. "माझा हात उठला तेव्हा तुम्ही तिथेच होतात," एवढंच म्हणाला. मी अध्यक्षपद सोडलं. ग्रुपवरचा फोटो काढला, पण तो किती जणांनी पुढे पाठवला असेल, देव जाणे.

पोलीस ठाण्यात जाऊन लेखी दिलं की हा माझा भाऊ, माझ्याच घरी कामाला आला होता. तिथले साहेब म्हणाले, नोंद पुसता येत नाही, तुमचा कागद सोबत जोडून ठेवतो. त्याची प्रत घेऊन तुझ्या मालकांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बघू." किल्ल्या दिल्या नाहीत.

भाऊजी म्हणतात, त्याला घरी बोलाव. कुठल्या तोंडाने बोलावू? शनिवारी मीच येते. तू घरी असशील तेव्हाच येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. आईला मध्ये घालणार नाही. माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते म्हणजे तुझ्याकडेच आणखी काहीतरी मागणं. तेवढं तरी पत्रातून नको.

तुझी सख्खी बहीण,
हे आता इथे सगळ्यांना माहीत आहे.